पन्नास टनी पाठवा

फोन नेहमी असाच यायचा. "साहेब, उद्या सकाळी आठला एक पन्नास टनी पाठवा. छोटं काम आहे, दोन तासांत सोडतो." माल किती वजनाचा, कुठून कुठे जायचाय, क्रेन कुठे उभी राहणार, यातलं काही नाही. वाण्याकडून पन्नास किलोचं पोतं मागवावं तसं. भोसरीच्या एका क्रेन भाड्याने देणाऱ्या फर्ममध्ये मी १९९२ साली हेल्पर म्हणून लागलो आणि एकतीस वर्षांनी रिगिंगचा प्रमुख म्हणून बाहेर पडलो. शेवटची पंधरा वर्षं हे फोन मीच घेतले. जेवढे अपघात मी जवळून पाहिले, त्यातले निम्म्याहून जास्त अशा एखाद्या फोनमध्येच ठरून गेले होते, असं आता वाटतं. क्रेन अजून गेटच्या आतही आलेली नसायची.

कारण पन्नास टन हे क्रेनचं नाव आहे, तिची ताकद नव्हे. पन्नास टनी क्रेन पन्नास टन कधी उचलते? बूम सगळ्यात आखूड, चारही आउटरिगर, म्हणजे क्रेनचे टेकायचे पाय, पूर्ण बाहेर, काउंटरवेट पूर्ण, आणि माल क्रेनच्या फिरण्याच्या केंद्रापासून तीन मीटरवर. तीन मीटर म्हणजे क्रेनच्या अंगालाच चिकटून. तिथे माल ठेवायलाही धड जागा नसते. तोच माल दहा मीटरवर न्या, क्रेन साधारण पंधरा टनांवर येते. वीस मीटरवर चार. हे अंतर म्हणजे रेडियस, आणि तो मोजायचा फिरण्याच्या केंद्रापासून. गिऱ्हाईक मात्र हमखास क्रेनच्या बंपरपासून टेप लावतं आणि "सात मीटर आहे हो" म्हणतं. त्यात आणखी तीन-चार मीटर मिळवायचे असतात, ते कोणाच्या गावीही नसतं.

चिंचवडच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा टनांचा चिलर चढवायचा होता. मालकाने तीस टनी मागितली होती, कारण सहाच्या पाचपट म्हणजे भरपूर झालं. मी टेप घेऊन गेलो. क्रेन रस्त्यावरच उभी राहणार, मध्ये पार्किंग, मग इमारत, आणि चिलरचा पाया गच्चीच्या पलीकडच्या कडेला. रेडियस भरला बावीस मीटर. शिवाय बूम कठड्याला घासू नये म्हणून आणखी लांब काढावी लागणार. कोणत्या रेडियसला किती वजन झेपतं ते सांगणारा तीस टनीचा चार्ट त्या ठिकाणी दोन टनही देत नव्हता. सहा टनांना आम्ही शेवटी शंभराच्या वरची क्रेन लावली. भाड्याचा आकडा ऐकून मालक मला लुटारूच समजला असणार. चेहऱ्यावर तसं स्पष्ट दिसत होतं.

मी शिकलो मात्र चार्टवर नाही. सुरुवातीला आमच्याकडे कोल्स कंपनीच्या जुन्या, जाळीदार लॅटिस बूमच्या क्रेन होत्या. दांडे ओढून चालवायच्या, वजन दाखवणारं यंत्र नाही, आवाज असा की बाजूचा माणूस काय बोलतो ते ओठांवरून ओळखायचं. गँगचे वस्ताद रत्नागिरीकडचे, तरुणपणी मुंबई बंदरात खलाशी म्हणून काम केलेले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. वर घ्यायला "हबेस", खाली सोडायला "आर्या", एवढ्या दोन शब्दांवर ते पंधरा माणसं चालवायचे. हे जहाजावरचे शब्द. पोर्तुगिजांच्या भाषेत खाली सोडण्याला "आरियार" म्हणतात, त्यातून आपलं "आर्या" आलं, हे मला फार नंतर कळलं. आज साइटवर वॉकीटॉकी आहेत, पण हात थकला की तरुण पोरंही "आर्या, आर्या"च ओरडतात.

चाचा मालाकडे कमी बघायचे. त्यांची नजर क्रेनच्या पाठीकडे. मला म्हणाले होते, "पोरा, माल सगळेच बघतात. तू मागचा पाय बघ." माल पुढे असताना मागच्या आउटरिगरवरचा भार कमी होत जातो. तो किती कमी झाला, हे पॅड आणि जमीन यांच्यामधली फट सांगते. चाचा वर्तमानपत्राचा कागद पॅडखाली सरकवून बघायचे. कागद शिरला की आर्या. ऑपरेटरही म्हणायचे, गाडी हलकी झाली की बुडाला कळतं. त्या काळच्या क्रेन खरंच तशा होत्या. उलटायच्या आधी इशारा द्यायच्या.

हा विश्वास मोडायला मला दहा वर्षं लागली. फर्मने मोठी टेलिस्कोपिक क्रेन घेतली तेव्हा शिकवायला आलेल्या इंजिनिअरने चार्टमधली एक जाड रेघ दाखवली. रेघेच्या वरचे आकडे, म्हणजे जवळच्या रेडियसचे, लोखंडाच्या ताकदीवर ठरलेले. खालचे, दूरच्या रेडियसचे, उलटण्यावर. रेघेच्या वर जास्त वजन घेतलं तर क्रेन हलकी होत नाही, मागचा पाय उठत नाही, बुडाला काही कळत नाही. सरळ बूम मोडते. एक आवाज, आणि संपलं. चाचांचा कागद त्या रेघेच्या वर कामाचाच नव्हता. मी त्या दिवशी हॉटेलात जेवताना गप्प होतो. दहा वर्षांत कितीदा त्या रेघेच्या वर आपण बुडाच्या भरवशावर काम केलं असेल, हे मोजत होतो.

याच क्रेनवर सेफ लोड इंडिकेटर आला. मर्यादा आली की पिवळा दिवा, ओलांडली की भोंगा आणि हालचाल बंद. त्याला बायपास करायची एक किल्लीही असते, क्रेन अडकली तर माल खाली आणण्यापुरती. आमच्याकडे एका ऑपरेटरने ती किल्ली काडेपेटीच्या काडीने कायमची दाबून ठेवली होती. ऑपरेटर वाईट नव्हता, वीस वर्षांचा अनुभव होता. त्याचं म्हणणं, "हे मशीन भित्रं आहे. मला माहितेय गाडीत किती दम आहे." मी काडी काढली, त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. खरं सांगायचं तर महिनाभर मला ते माहीत होतं आणि मी गप्प बसलो, कारण तो असला की कामं वेळेत व्हायची. शेवटी मालकांनी किल्ली स्वतःच्या कपाटात ठेवली, तेव्हा विषय मिटला. ते धाडस मी करायला हवं होतं.

जमिनीबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण तिच्याइतकं दुर्लक्ष कोणाकडेच होत नाही. पन्नास टनी क्रेन स्वतः चाळीस टनांची. बारा टनांचा माल धरला की बावन्न. बूम ज्या कोपऱ्यावर येते, त्या एका पायावर यातला पाऊण भाग येऊ शकतो, म्हणजे एकोणचाळीस टन. तो पाय टेकतो अर्धा मीटर चौरस पॅडवर. हिशेब केला तर एका चौरस मीटरला दीडशे टनांच्या वर. चांगला दाबलेला मुरूम वीस-पंचवीस टन सोसतो. म्हणून पॅडखाली पाच फूट बाय पाच फुटांची तरी बैठक लागते, लाकडी स्लीपर आडवे-उभे रचून किंवा जाड प्लेट टाकून. तसं करताना प्लेट पातळ असली तर ती वाकते आणि भार मधल्या तुकड्यावरच राहतो, हेही बघावं लागतं. आणि काळी माती? मे महिन्यात तिच्यावर कुदळ आपटली तर ठिणगी उडेल. एक वळीव पडू द्या, मग त्याच जागेवर उभं राहून दाखवा.

कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात ऑफ-सीझनला रस आटवायचा जुना पॅन काढून नवा बसवायचा होता. मळी, भुसा, वाफ, सगळीकडे वर्षानुवर्षांची खोदाई आणि भराव. कारखान्याच्या माणसाने पाय आपटून सांगितलं, "इथे ट्रक रोज जातात, काही होत नाही." ट्रकचं चाक वेगळं आणि आउटरिगरचा पाय वेगळा, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. ट्रकचं वजन दहा चाकांवर विभागतं आणि पुढे निघून जातं. आमचा पाय एकाच जागी तासभर दाबत बसणार होता. पॅन वर गेला, बूम वळली, आणि डावीकडचा पुढचा पाय सावकाश खाली जायला लागला. सावकाश म्हणजे किती, तर आधी मला वाटलं माझाच डोळा फिरतोय. चाचांनी आर्या म्हटलं नाही, ते पळत गेले आणि त्यांनी ऑपरेटरच्या काचेवर चप्पल मारली. पॅन भुशाच्या ढिगावर टेकला. खणून बघितलं तर पायाखाली जुनी राख टाकायची हौदी, वरून मातीने बुजवलेली. कारखान्यातला निवृत्त फिटर नंतर म्हणाला, "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं." तेव्हापासून कुठल्याही जुन्या जागेत गेलो की इंजिनिअरच्या आधी मी सगळ्यात म्हातारा कामगार शोधतो. गटार कुठून जातं, केबल कुठे पुरलीय, सेप्टिक टँक कुठे होता, हे नकाशात नसतं. ते त्याच्या डोक्यात असतं.

वजनाचंही तसंच. मशीनवरची पितळी पट्टी सांगते ते वजन कारखान्यातून निघतानाचं. त्यावर नंतर कोणी मोटर बसवली, प्लॅटफॉर्म जोडला, आत तेल भरलं, ते पट्टीला काय माहीत? रासायनिक कारखान्यातला एक हीट एक्सचेंजर आम्ही नऊ टनांचा म्हणून उचलायला घेतला. इंडिकेटर नऊ झाला, दहा झाला, माल जमिनीवरच. बारा, तेरा. ऑपरेटर माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. थांबवलं. हायड्रोटेस्टचं, म्हणजे दाबाच्या चाचणीचं, पाणी काढल्याचं कागदावर होतं, पण ड्रेन कॉक गाळाने बुजला होता, त्यामुळे पाणी आतच राहिलं. चार घनमीटर पाणी म्हणजे चार टन, साधी गोष्ट. पाण्याइतका लबाड माल दुसरा नाही, कारण उचलल्यावर ते एका बाजूला धावतं आणि मालाचा तोल बदलतं. दुसरा एक लबाड म्हणजे राहिलेला बोल्ट. पायाचे सात बोल्ट सोडले, आठवा गंजलेला, कोणीतरी "निघेल ओढल्यावर" म्हणालं. निघतोही. पण तो निघाला त्या क्षणी क्रेनने मशीनबरोबर सगळा पायाच ओढून धरलेला असतो, आणि ती ताकद अचानक सुटते. ओढायचं काम क्रेनचं नाही. ती फक्त उचलते, तेही सरळ वर.

सलिंग म्हणजे माल बांधून हुकाला अडकवायचा दोर किंवा पट्टी. तिच्या कोनाबद्दल मी जेव्हा पोरांना सांगायचो, तेव्हा ते माझ्याकडे संशयाने बघायचे. दहा टनांचा माल दोन सलिंगांवर, तर प्रत्येकी पाच, हे सगळ्यांना पटतं. पण सलिंग तिरपी होत गेली की हा आकडा फुगतो. मालाशी साठ अंशांचा कोन असला तर प्रत्येकी पावणेसहाच्या आसपास. पंचेचाळीसला सात टन. तीस अंशाला प्रत्येक सलिंगवर पूर्ण दहा टन, म्हणजे दोन लावूनही काही फायदा नाही. पटवायला मी दोन पोरांना पाण्याची बादली एका दोरीला मध्ये अडकवून दोन्हीकडून ओढायला लावायचो. दोरी सरळ करायला जावं तसे त्यांचे हात थरथरायला लागायचे. बादली तेवढीच. मग हसू यायचं आणि गोष्ट डोक्यात बसायची. कापडी पट्ट्यांचे रंग मात्र पोरं लगेच पाठ करतात, जांभळी एक टन, हिरवी दोन, पिवळी तीन. फक्त त्या पट्टीला लोखंडाची धार लागली की रंगाला काही अर्थ राहत नाही. मध्ये अर्धा कापलेला पाइप ठेवा, जाड रबर ठेवा, काही नाही तर पोत्याची घडी, पण धार झाका.

कारखाने कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमाप्रमाणे उचलायच्या यंत्रांची आणि साखळी-दोरांची वर्षातून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासणी लागायची. ती व्हायची. दाखले फाइलमध्ये असायचे. पण मी असेही दाखले पाहिलेत, ज्यांवरचा सलिंगचा नंबर आणि सलिंगवरचा नंबर यांची कधी भेट झालेली नाही. वायर रोप तपासायची माझी पद्धत साधी. चिंधी घेऊन दोरावरून हात फिरवायचा. तुटलेली तार चिंधी पकडते. मग तो भाग उलगडून बघायचा, आतला दोर कोरडा किंवा गंजलेला आहे का. याला पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटं रोज काढणं किती अवघड असतं, हे मात्र नोकरी केल्याशिवाय कळत नाही.

वाऱ्याची गोष्ट पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावरची. तिथे पवनचक्क्या उभ्या राहत होत्या तेव्हा आमची क्रेन भाड्याने गेली होती. तीन पाती जमिनीवरच मध्याला जोडायची, त्याला सगळे फूल म्हणायचे, आणि ते फूल आख्खं वर न्यायचं. वजन क्रेनला काहीच नाही. पण पात्याचा जन्मच वारा धरण्यासाठी. रात्री दोनला उठून तयारी करायची, पहाटे वारा पडला तर फूल उचलायचं, नऊ वाजले की बंद. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला सहा मीटर असलेला वारा नऊ झाला की दीडपट झाला असं वाटतं, प्रत्यक्षात ढकल सव्वादोन पट. आणि जमिनीवर पंचा हलत नसताना बूमच्या टोकाला वारा घुमत असतो. एकदा सलग पाच दिवस आम्ही काही उचललं नाही. क्रेनचं भाडं चालू, प्रोजेक्टचा माणूस दाढी खाजवत फिरतोय, आम्ही भाकरी-पिठलं खाऊन पत्ते खेळतोय. त्या पाच दिवसांत मी जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या आख्ख्या नोकरीत नाही.

पुढे एका प्रशिक्षणात आम्हाला अमेरिकेतल्या मिलवॉकीची चित्रफीत दाखवली. १४ जुलै १९९९, बेसबॉलच्या नव्या मैदानाच्या छपराचा चारशे टनांहून जड तुकडा उचलताना प्रचंड क्रेन कोसळली, तीन माणसं गेली. वारा होता. छपराच्या त्या एवढ्या मोठ्या तुकड्यावर येणाऱ्या वाऱ्याचा हिशेब धरलेला नव्हता. हॉलमध्ये सगळे गप्प झाले. मला पठारावरचे पत्ते आठवले.

हायड्राबद्दल थोडंसं. पुण्यात कोणत्याही एमआयडीसीच्या नाक्यावर पिवळ्या हायड्रा रिक्षांसारख्या उभ्या असतात. माल उचलून तसाच लटकता घेऊन चालणारी ही क्रेन. स्वस्त, कुठेही शिरते. पण तिची गाडी मधून वळते, त्यामुळे वळणावर माल बाहेर जातो आणि क्षमता घटते. समोर माल लटकत असल्यामुळे ड्रायव्हरला पुढचं दिसत नाही. म्हणून एक हेल्पर माल हाताने धरून पुढे उलट्या पायांनी चालतो. हे दृश्य आपल्याकडे इतकं रोजचं आहे की त्यात काही चुकतंय असं कोणाला वाटतच नाही. अनेक मोठ्या कंपन्यांनी जुन्या हायड्राला साइटवर बंदी घातली, ते या हेल्परमुळेही. पण बंदी गेटच्या आत असते. गेटबाहेर तोच हेल्पर तसाच उलटा चालतो.

आणि माझ्या हातून जे झालं तेही हायड्रावरच. २००६, चाकण, शनिवारची संध्याकाळ. मोटर आणि गिअरबॉक्स, मिळून आठशे किलो. आठवड्यातलं सगळ्यात लहान काम. आदल्याच दिवशी आम्ही साठ टनांची प्रेस दोन क्रेनांनी उतरवली होती, प्लॅन काढून, मीटिंग घेऊन, दोरी लावून जागा बंद करून. आठशे किलोला कोण प्लॅन काढतो? मोटर पायाच्या चार बोटं वर लटकत होती. पॅकिंगची एक पट्टी सरकली होती. मी हेल्परला म्हणालो, "जरा हात घालून सरळ कर." त्याने हात घातला. तेवढ्यात कोणीतरी मागून मला काही विचारलं, मी मान वळवली, आणि वळवता वळवता माझा हात खाली जायची खूण करून गेला. की तशी खूण झाल्यासारखी ऑपरेटरला दिसली. मला आजही नक्की सांगता येत नाही. त्या पोराची उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो ओरडलाही नाही, फक्त म्हणाला, "दादा, वर घ्या."

चौकशीच्या कागदावर कारण लिहिलं गेलं, कामगाराने सूचना नसताना लटकत्या मालाखाली हात घातला. त्या कागदाखाली माझी सही आहे. फर्मचं नाव, पुढची कंत्राटं, माझी नोकरी, मुलीची शाळा, सगळी कारणं माझ्याकडे होती. पोराला पैसे मिळाले, नंतर स्टोअरमध्ये काम मिळालं. त्याने मला कधी काही म्हटलं नाही. मीही वर्षभर त्याच्याशी नीट बोललो नाही. पुढच्या दिवाळीला त्याच्या घरी गेलो आणि सांगितलं की चूक माझी होती. तो म्हणाला, "मला माहीतच आहे की दादा." मग त्याच्या आईने चकल्या आणल्या.

त्यानंतर आमच्या गँगमध्ये काही गोष्टी बदलल्या. पॅकिंग आधी लावायचं, माल त्यावर टेकवायचा, मग पहारीने सरकवायचा. लटकत्या मालाला हात नाही, दोरी किंवा काठी. खूण एकाच माणसाने करायची आणि त्याने दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही, मालकाशीसुद्धा. थांबायची खूण मात्र कोणीही करावी, चहा घेऊन आलेल्या पोऱ्यानेही केली तरी क्रेन थांबणार. वॉकीटॉकीवरचा आवाज तुटला तर त्याचा अर्थ थांबा. हे सगळं पुस्तकात आधीपासूनच होतं.

आणखी एक गोष्ट मी अपघाताच्याच आठवड्यात सुरू केली. एक शंभर पानी वही घेतली आणि त्यात मी न उचललेल्या कामांची नोंद ठेवायला लागलो. तारीख, जागा, वजन, रेडियस, आणि का नाही. ११ हजार व्होल्टची तार बूमच्या आवाक्यात, लाइन बंद करायला वीज मंडळाचा माणूस आला नाही. हुकाचं कुलूप तुटलेलं. ऑपरेटर सोळा तासांच्या ड्युटीनंतर. रात्रीच्या कामात ही शेवटची नोंद सारखी यायची. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लाँचर कोसळून वीस माणसं गेली, तेव्हा मी नोकरी सोडून चार महिने झाले होते. टीव्ही बघताना मी वही काढून बसलो. का, ते मला सांगता येणार नाही. ते यंत्र क्रेन नव्हतं, तिथली कारणं वेगळी. पण ती वेळ, रात्रीचा तो प्रहर, मला ओळखीचा होता.

वहीत एकूण त्र्याहत्तर नोंदी आहेत. माझी बायको विचारते, यातल्या किती ठिकाणी खरंच अपघात झाला असता? याचं उत्तर कसं देणार? उचललं आणि पडलं, तर ते सगळ्यांना दिसतं. उचललं नाही, तर काहीच दिसत नाही, फक्त गिऱ्हाइकाचा राग दिसतो. बहुतेक कामं कदाचित सुखरूप पार पडली असती. चार्टमध्ये राखीव ताकद धरलेली असते, जमीन कधी कधी दया करते, वारा थांबतो. हा धंदा अशाच थोड्या थोड्या दयेवर चालतो, म्हणून तर चुकीच्या सवयी इतकी वर्षं टिकतात.

अठ्ठावन्नावी नोंद तळेगावजवळची. बावीस टनांची प्रेस, त्या रेडियसला आमच्या क्रेनचा चार्ट देत होता तेवीस टन शंभर किलो. हुक ब्लॉक, सलिंग आणि बीम धरून माल झाला बावीस टन नऊशे. कागदावर बसत होतं, दोनशे किलो उरत होते. पण माल जमीन सोडतो तेव्हा बूम पुढे झुकते, रेडियस फूटभर तरी वाढतो, आणि दोनशे किलो तिथेच खाऊन टाकतो. मी मोठी क्रेन मागवा म्हणालो, किंवा मधली भिंत पाडून जवळ येऊ द्या. मालक म्हणाला, "तुमच्या चार्टमध्ये बसतंय ना?" मी म्हणालो, बसतंय. "मग?" मी क्रेन परत नेली. त्याच संध्याकाळी त्याने दुसऱ्या फर्मची तेवढ्याच टनांची क्रेन आणली आणि प्रेस चढवली. काही झालं नाही. त्याने मला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, खाली अंगठा.

तो फोटो मी छापून वहीत चिकटवलाय. प्रेस हवेत आहे, माणसं हसतायत, मागे सूर्य मावळतोय. कोपऱ्यात त्या क्रेनचा मागचा पाय दिसतो. पॅड आणि जमीन यांच्यामध्ये एक बारीक उजळ रेघ आहे असं मला वाटतं. मुलाला दाखवलं, त्याने फोनवर मोठं करून बघितलं आणि म्हणाला, बाबा, ती नुसती सावली आहे. असेलही.